पत्र्यावरची रोपं

४ मार्च

माननीय शास्त्रज्ञबाई,

दचकू नकोस, तुझी वहिनीच लिहितेय. फोन केला तर तू "बघते, बघते" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागद कसा, समोर पडून राहतो.

तुमच्या बियाणे केंद्राचा अहवाल काल आला. पाकीट चांगलं जाडजूड, मला वाटलं गोड बातमी असणार. आत पाच पानं नुसते आकडे आणि शेवटी एक ओळ: "वाण क्रमांक १७. उष्णता सोसण्याची क्षमता आढळली नाही. संग्रहात ठेवण्याची शिफारस नाही." खाली सही कुणाची? तर माझ्या हातच्या वेण्या घालून शाळेत गेलेल्या बाईंची!

वाण क्रमांक सतरा म्हणजे काय, ते सांगू? तुझ्या सख्ख्या भावाचा टोमॅटो. दिवसभर वर्कशॉपमध्ये गेटं आणि ग्रिलं जोडायची, डोळे लाल करून घ्यायचे, आणि संध्याकाळी मागच्या वीस पावलांच्या तुकड्यात जाऊन बसायचं. बावीस वर्षं. दर उन्हाळ्यात जे झाड भर उन्हात फळ धरेल त्याचंच बी ठेवायचं, बाकीची उपटायची. ह्यांना तुझी ती जीन्सबिन्स ठाऊक नव्हती. डोळे होते. दोन वर्षांमागे पारा त्रेचाळीसवर गेला, आख्ख्या गल्लीत टोमॅटोच्या फुलांचा सडा पडला, आणि ह्यांच्या झाडांना घोस लटकत होते. तू येऊन पाहिलंस, उभ्या उभ्या चार खाल्लेस आणि म्हणालीस, "दादा, हे बी आमच्याकडे यायलाच हवं." तूच म्हणालीस ना गं?

हे गेले त्याला नऊ महिने झाले. मी डब्यातल्या तीनशे बिया मोजून तुला पाठवल्या, कारण वाटलं, माणूस गेला पण त्याचं काहीतरी राहील. त्यावर तू हे पाठवलंस. उरलेलं बी परत कर. तुमच्या कृपेची गरज नाही.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र केंद्राच्या पत्त्यावर आलं आणि टपाल बघणाऱ्या बाईंनी नेहमीप्रमाणे फोडलं. आता चहाच्या वेळी सगळे मला "वेणीबाई" म्हणतात. यापुढे घरच्या पत्त्यावर लिहा.

अहवालात माझं मत नाही. चाळीस वाणं होती. सगळ्यांची रोपं पंचवीस अंशांच्या खोलीत वाढवली आणि तिसाव्या दिवशी पंचेचाळीस अंशांच्या कपाटात चार तास ठेवली. अकरा वाणं तगली. दादाची रोपं दुसऱ्या दिवशी सकाळी मान टाकून पडली होती. पानं तपासली. उन्हात झाडाच्या पेशी सांभाळणारी काही प्रथिनं असतात, ती बनवायचा हुकूम ठरावीक जीन्सकडून सुटतो. त्या अकरा वाणांत ही जीन्स आधीपासूनच जागी होती. दादाच्या रोपांत गाढ झोपलेली. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच झालं. तुम्हाला काय वाटतं, मला मजा आली?

माझ्या भावाचं वाण आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अर्ध्या अंशाची सवलत दिली असती तरी लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. म्हणून उलट जास्त काटेकोर वागले.

बी परत मागता आहात. एकही उरलेलं नाही.

आणि "माणूस गेला" वगैरे मला लिहू नका. मी त्या दिवशी पोचले तेव्हा तुम्ही म्हणालात, "वर्कशॉपमध्ये बसल्या बसल्या गेले, हृदय बंद पडलं." दादाच्या डाव्या गालावर भाजल्याचे तीन पट्टे होते, सरळ, एकसारख्या अंतराचे. विचारलं तर म्हणालात, "ठिणगी उडाली असेल." ठिणगीने पट्टे उठत नाहीत, वहिनी.


२८ मार्च

वेणीबाई,

बरं झालं, निदान तिथे तरी तुला कुणीतरी खरं नाव ठेवलं.

माणूस समोर निजलाय, घरात रडारड चाललीय, आणि तू त्याच्या गालावरच्या पट्ट्यांची अंतरं मोजत होतीस? धन्य आहे बाई तुझी. आयुष्यभर वेल्डिंग केलेल्या माणसाच्या अंगावर भाजल्याच्या खुणा नसतील तर काय मेंदी असेल? तो विषय पुन्हा काढायचा नाही.

तीनशे बिया! अगं, एक तरी मातीत नीट लावायचीस. नाचता येईना अंगण वाकडं. तुझं कपाट शहाणं आणि बावीस वर्षं खोटी! मला ठाऊक आहे हे कशाचं आहे. ह्यांनी तुला शिकायला लांब पाठवलं तेव्हा मी "कशाला?" म्हटलं होतं, ते तू अजून उरात धरून बसली आहेस. सूड घ्यायचा तर माझ्यावर घे ना. टोमॅटोने काय घोडं मारलंय तुझं?

डब्याच्या तळाशी चाळीस बिया निघाल्यात. शेवटच्या. पुढच्या महिन्यात मीच लावणार आहे. जुलैत फळं धरली की एक टोपली तुमच्या टपालवाल्या बाईंच्या नावाने पाठवते. फोडू दे तिला.


२ मे

वहिनी,

हे पत्र लिहायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

माझं रोजचं काम काकडीवर आहे. काकडीला गारठा सोसत नाही. रोप एकदम चार अंशांत टाकलं की दोन दिवसांत काळं पडतं. पण तेच आधी दोन-तीन दिवस बारा अंशांत ठेवलं तर तगतं. थोडा गारठा लागला की आत तयारी सुरू होते, झोपलेली जीन्स कामाला लागतात. मी हे गेली सहा वर्षं करतेय. परवा ट्रे बाराच्या खोलीतून चारच्या खोलीत हलवताना मी मध्येच थांबले. काकडीला मी आधी सूचना देते. दादाच्या टोमॅटोला दिली नव्हती. पंचविसातून काढून सरळ पंचेचाळिसात ढकललं.

नियमात तसंच आहे, सगळ्या वाणांना तसंच केलं, त्यामुळे मी चुकले असं लगेच समजू नका. पण एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फक्त तुम्ही देऊ शकता. वाफ्यात लावायच्या आधी, रोपं लहान असताना, दादा त्यांना कुठे ठेवायचा? किती दिवस? ऊन किती लागायचं?

वाद नको. फक्त उत्तर द्या.


१० मे

बाईसाहेब,

आली का गाडी रुळावर? विचारायचं होतं तर बी मारायच्या आधी विचारायचंस. घर जळाल्यावर विहीर खणायला निघाली.

हे रोपं स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवायचे. पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन. दिवसातून एकदा झारीने पाणी. तीस-पस्तीस दिवसांनी वाफ्यात. बस्स, एवढंच. काही जादू नाही.

माझीही तिथेच आहेत. चाळिसातली छत्तीस उगवली, तुझ्या अहवालाच्या नाकावर टिच्चून. दुपारी पडदा ओढून घेते, पोटच्या पोरांसारखी जपतेय.


१९ मे

वहिनी,

पूर्वेच्या खिडकीत सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपलीकडे पारा जात नाही. म्हणजे माझ्या खोलीत आणि तुमच्या स्वयंपाकघरात फरक काहीच नाही. मग दादाची झाडं त्रेचाळिसात उभी राहिली कशी? एकतर मी पाहिलेले घोस खोटे, नाहीतर तुमचं उत्तर अर्धवट.

जरा डोकं शांत ठेवून आठवा. तुम्हाला रोजचं वाटत असेल, सांगण्यासारखं वाटत नसेल, असंच काहीतरी राहतंय.

तीस सप्टेंबरला समितीची बैठक आहे. तिथे माझा अहवाल मंजूर झाला की वाण सतरा कायमचं बाद. मग तुमची ती छत्तीस झाडं सोडली तर जगात कुठेही दादाचा टोमॅटो नसेल. हे तुम्हाला कळतंय ना? अहवाल मागे घ्यायला माझ्या हातात कारण हवं. "माझा भाऊ होता" हे कारण होत नाही.


२४ जुलै

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. आठवलं नाही म्हणून उत्तर दिलं नाही असं नाही. आठवायला मी विसरले कधी होते?

आधी बातमी. छत्तीसच्या छत्तीस झाडांना फुलं आली. मी रोज सकाळी मोजायचे. यंदा पावसाने दडी मारली, चौदा तारखेला ऊन चढलं, एकेचाळीस झालं, आणि चार दिवसांत सगळी गळाली. सुपलीत भरून टाकली. झाडं हिरवीगार उभी आहेत, पण फळ नाही. म्हणजे बी नाही. तुझ्या कपाटाने तीनशे मारल्या, माझ्या मायेने चाळीस. आता डबा रिकामा आहे.

वर्कशॉपच्या अंगणात तुला माहीतच आहे, गेटं, सळ्या, ग्रिलं, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून रोपांना पानांची दुसरी जोडी फुटली की हे ट्रे वर्कशॉपच्या पत्र्यावर नेऊन ठेवायचे. खाली विटा, वर ट्रे. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अख्खी दुपार. आठवडाभर असं करून मग वाफ्यात. दुपारी तो पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही. जागा नाही म्हणून सुरू झालेलं, पुढे तीच सवय झाली. मला त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं. बी पाठवताना लिहिलं नाही ते त्यामुळे, हे खरं मान. पण मे महिन्यात तू सरळ विचारलंस तेव्हा मला पक्कं कळलं होतं, आणि मी बसून खोटं लिहिलं. कारण पत्रा लिहिला असता तर पुढचंही लिहावं लागलं असतं.

तर ते आता लिहिते.

अकरा जून. आम्ही सकाळपासून भांडत होतो. कशावरून, तर ह्यांनी माझी चादरी वाळत घालायची दोरी कापून टोमॅटो बांधायला घेतली. एवढ्याशा दोरीवरून मी काय काय बोलले! ह्यांच्या अंगात दोन दिवस कणकण होती, म्हणून दुपारचं पाणी मीच चढून घालत होते. त्या दिवशी म्हटलं, "तुमची लाडकी लेकरं आहेत, तुम्हीच पाजा पाणी." ह्यांनी झारी उचलली, शिडी लावली आणि चढले. एक वाजला होता.

थोड्या वेळाने पत्र्यावर झारी आपटल्याचा आवाज आला. दणकन. मला वाटलं, रागाने आपटली. मनात म्हटलं, आपटा, मी नाही येत विचारायला. आणि चादरींच्या घड्या घालत बसले. पाऊण तास.

मग गेले. हे ट्रेशेजारी कुशीवर पडले होते, गाल पत्र्याला टेकलेला. शेजारच्या सुताराने आणि मी मिळून खाली उतरवलं, वर्कशॉपमध्ये खुर्चीत बसवलं, आणि डॉक्टर यायच्या आत मी सुताराला म्हटलं, इथेच गेले असं सांगायचं. त्याने आजवर तोंड उघडलेलं नाही. डॉक्टर नंतर मला म्हणाले, ऊन लागलेलं दिसतंय, अर्धा तास आधी कळलं असतं तर. पुढचं मी ऐकलं नाही.

तुझे तीन पट्टे पन्हळी पत्र्याच्या उंचवट्यांचे आहेत. तू बरोबर होतीस.

त्यानंतर मी शिडी लावलेली नाही. यंदाची रोपं खिडकीत ठेवली ती मला दुसरं ठाऊक नव्हतं म्हणून नाही. मला वर जाववत नाही.

हे तुझ्या समितीला पुरेसं कारण आहे का ते तू बघ. माझ्याकडे आता लपवायला काही उरलं नाही, आणि लावायलाही.


३१ जुलै

पत्र मिळालं.

पाऊण तास. वहिनी, पाऊण तास तुम्ही चादरी घडी करत होतात.

मला उत्तर लिहू नका.


१२ सप्टेंबर

वहिनी,

तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काम अर्धवट सोडता येत नाही. ही खोड दादाकडूनच आली.

मार्चमध्ये मी लिहिलं होतं, एकही बी उरलेलं नाही. तुम्ही पाठवलेल्यातलं उरलं नव्हतं, हे खरं. पण दोन वर्षांमागे मी टोमॅटो खायला आले होते तेव्हा निघताना दादाने माझ्या पर्समध्ये एक पुडी कोंबली होती. वर त्याच्या त्या वाकड्या अक्षरात, माझ्या लहानपणच्या नावाने, "खारुटीसाठी". आत पंचवीस बिया. ती पुडी माझ्या टेबलाच्या खणात होती. तो गेल्यावर मला ती फोडवेना, आणि तुम्हाला सांगवेनाही. तुम्ही मागून घ्याल अशी भीती वाटली. तेव्हा लपवाछपवीत तुम्ही एकट्या नाही.

एक ऑगस्टला पुडी फोडली. एकवीस उगवल्या. सहा रोपं आधीसारखीच पंचविसातून सरळ पंचेचाळिसात टाकली. सहाही मेली. उरलेली पंधरा तुमच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे केली. अडतीस अंश, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन, मग पाच तास. असे सात दिवस. मग पंचेचाळीस. पंधरातली तेरा उभी आहेत. आज सकाळीही जाऊन बघून आले.

पानं तपासली. जी जीन्स मी गाढ झोपलेली म्हणून लिहिली होती ती त्या अकरा पास झालेल्या वाणांपेक्षा दुपटीने जोरात काम करत होती. त्या अकरांची दिवसरात्र जागी असतात, त्यात झाडाची ताकद जाते, फळ लहान राहतं. दादाची झाडं उगाच जागत नाहीत. ऊन येतंय अशी सूचना मिळाली की उठतात, आणि उठली की मग ऐकत नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. बावीस वर्षं तो पत्र्यावरून उतरलेल्या रोपांतूनच बी निवडत होता. त्याला वाटत होतं तो वाफ्यातल्या उन्हासाठी निवडतोय. खरी निवड पत्र्यावर होत होती, आणि हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

अहवाल मी मागे घेतला. नव्या अहवालात पहिल्याच पानावर माझ्या सहीने लिहिलंय की आधीची चाचणी या वाणाला लागू नव्हती आणि वाण तयार करणाऱ्याच्या घरी रोपं कशी वाढवतात हे मी विचारलं नव्हतं. संचालक म्हणाले, "सहा वर्षं हेच काम करता आणि विचारलं नाहीत?" मी म्हटलं, नाही. वहिनीशी बोलावं लागलं असतं.

टपालवाल्या बाई त्या दिवसापासून मला वेणीबाईही म्हणत नाहीत. तेच जास्त वाईट आहे.

आता ऐका. समिती एवढ्यावर मान्य करायला तयार नाही. अडतीस हा आकडा मी अंदाजाने घेतला, तो पत्र्यावरचा खरा आहे का ते त्यांना मोजून हवंय. अजून ऊन आहे तोवरच ते होईल. मी बावीस तारखेला उपकरण घेऊन येतेय. दुपारी एक वाजता वर चढेन, विटा मांडेन, ट्रे ठेवेन आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहीन. पाऊण तास लागेल.

तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन असं आज तरी वाटत नाही. जेवायला थांबणार नाही. गप्पा मारायच्या नाहीत. तुम्ही फक्त एक करायचं. मी वर असेपर्यंत खाली शिडी धरून उभं राहायचं. मी उतरेपर्यंत घरात जायचं नाही.

तेरापैकी दोन रोपं आणतेय. बाकीची अकरा बियांसाठी इथेच ठेवलीत.


१७ सप्टेंबर

खारुटी,

ये.

शिडीची तिसरी पायरी हलत होती, काल सुताराकडून ठोकून घेतली. विटा आहेत तिथेच आहेत, मी हलवलेल्या नाहीत. झारीही वरच आहे. ती खाली आण.

पत्रा पोळतो, जाड तळाचे बूट घालून ये, तुझ्या त्या नाजूक चपला नकोत. डोक्याला बांध. पाण्याची बाटली कमरेला लाव, हातात धरून चढू नकोस. दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने सांग. मी खालून लिहून घेईन. आवाज आला नाही तर मी वर येणार, मग तू कितीही ओरड.

माफीचं तू तुझं बघ. मी मागितलेली नाही, मागायला तोंड नाही. शिडी मात्र सोडणार नाही.